फोरमनची चूक

केशवापूरच्या नट-बोल्टच्या कारखान्यातले फोरमन बोलण्याआधी बोटानं टेबल पुसून घेत, जणू शब्द ठेवायला जागा करत. अंधांना काम मिळवून देणाऱ्या संस्थेतले आम्ही त्यांना अण्णाच म्हणायचो.

सरकारी कारखान्यांत अंधांना घ्यावं का, हे ठरवायला बंगळूरहून साहेब आले. अण्णांकडच्या अंध कामगारांचं यश सांगणारं जोरदार पत्रक मी छापून नेलं होतं. अण्णांनी मात्र काम सोडून गेलेल्या चौघा अंधांची यादी पुढे केली.

"अण्णा, हे साहेबांच्या हाती कोलीत दिल्यासारखं होतंय," मी कुजबुजलो.

"थांब की तम्मा," धाकट्या भावाला दटावावं तसं ते म्हणाले. मग साहेबांकडे वळले. "हात चांगले होते त्यांचे. झाडताना मी त्यांचे नट-बोल्टचे डबे हलवायचो. त्यांना ते सापडायचे नाहीत आणि मी ओरडायचो. आता डबे फळीला ठोकलेत. राहिलेले सहाजण टिकलेत बघा."

साहेबांनी सगळं लिहून घेतलं.

काही महिन्यांनी हुकूम आला: अंधांना कामावर घ्यावं, त्यांच्या वस्तू जागच्या हलवू नयेत. मी नाचायचाच बाकी होतो. अण्णांनी तो दोनदा वाचला.

"माझी चूक गाळली की रे ह्यांनी. मग पुढचा फोरमन काय वाचून शिकणार?"

आणि हुकूम भिंतीवर लावण्याआधी त्यांनी ती चूक खाली पेनानं लिहिली, सहीसकट.