भिंतीपलीकडची हजेरी

पेणपासून रोह्यापर्यंत शोधलंत तरी शाळेत एक दिवसही न जाता चौथीपर्यंत शिकलेलं माणूस तुम्हांला एकच सापडेल, ते म्हणजे माझी थोरली काकी. रोज शाळेत जाऊन काही न शिकलेले मात्र पायलीचे पन्नास मिळतील. त्यांच्यात माझा नंबर बराच वर लागतो.

आमच्या गावची शाळा सुरू झाली ती आमच्याच घराच्या पडवीत. काकी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली, वयानं वर्गातल्या मोठ्या पोरांएवढीच. पण सून ती सून. पोरं पडवीत पाढे म्हणायची आणि काकी भिंतीआड चुलीशी भाकऱ्या थापत तेच पाठ करायची. भिंतीतून फळा काही दिसत नव्हता, त्यामुळे अक्षर एक येईना. ऐकलेलं मात्र ती काहीच विसरली नाही. पुढे शाळेला रस्त्यापलीकडे स्वतःची इमारत झाली, तरी काकीनं हक्क सोडला नाही. ओटीवर वाल सोलता सोलता तिचे कान वर्गात असायचे. मी एकदा सतरा सत्त्यांवर अडलो. गुरुजींनी छडी उचलण्याआधीच रस्त्यापलीकडून आवाज आला, "एकशे एकोणीस, मेल्या! बापूस पन हितंच अडायचा." वर्गाबरोबर गुरुजीही हसले.

डोलवीच्या कंपनीत शिफ्ट करून करून रिटायर झालो आणि रिकामपणाच्या भरात मी शाळेचा इतिहास लिहायला घेतला. हस्ताक्षर बरं, एवढीच माझी लायकी. पडवीतल्या त्या पहिल्या वर्गाचं हजेरीपुस्तक वाळवीनं खाल्लेलं. मी कपाळाला हात लावून बसलो, तर काकीनं डोळे मिटले आणि त्या वर्गाची अख्खी हजेरी गुरुजींच्या सुरात, क्रमानं म्हणून दाखवली. माझ्या बापाला तेवढं 'गैरहजर' केलं. मी भराभरा उतरवून घेतलं, पेणला जाऊन पुस्तक छापून आणलं आणि पहिल्याच पानावर लेखक म्हणून माझं नाव चांगलं जाड ठशात टाकलं.

पुस्तक हातात घेऊन काकीनं विचारलं, "माजं नाव हाय ना रं त्यात?"

नव्हतं. सगळी हजेरी जिच्या तोंडून घेतली, तिचंच नाव घालायचं मला सुचलं नव्हतं.

"आहे की," मी म्हणालो.

"कुठं? बोट ठेव."

घाबरून मी समोर दिसलेल्या जाड नावावर बोट ठेवलं. ते माझंच होतं.

काकीनं त्यावरून हात फिरवला. "केवढं मोठं लिवलंस रं!" म्हणाली. ती इतकी हरखली की मला फार लाज वाटली, पण खरं बोलण्याइतकी नाही. स्वतःचं नाव स्वतःला वाचता यायला हवं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून ती पहिलीच्या पोरांत जाऊन बसू लागली. पट घटल्यानं शाळेच्या बाई आधीच काळजीत होत्या. त्यांनी आनंदानं पाटी दिली. आता काकी कुठल्या अक्षरापर्यंत आली, याची रोज दुपारी मी चोरून चौकशी करू लागलो. माझ्या नावाची अक्षरं जवळ येऊ लागली, तसा मी रोह्याच्या बहिणीकडे महिनाभर राहायला जावं की काय, अशा विचारात पडलो.

पण बहिणीनं बोलावण्याआधीच काकीनं मला ओटीवर बसवलं. जाड नावावर बोट ठेवून एकेक अक्षर जोडत वाचलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"चुकलो, काकी."

"तू कायमच चुकतोस. पेन्सिल दे."

पहिल्या वर्गाच्या यादीखाली, जीभ दातांत धरून, तिनं दोन वाकडी अक्षरं काढली: बनू. सासरचं नाव वेगळं होतं, हे माहेरचं. आयुष्यभर तिच्या हातचं खाल्लं, पण हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं, आणि विचारलंही नव्हतं.

"वाच आता. गुरुजी वाचायचे तसं."

त्या अक्षरांवर बोट ठेवून मी वाचलं, "बनू."

काकीनं पदर सारखा केला, ताठ बसली आणि म्हणाली, "हजर."