आधी कुणाचं शेपूट
टिंक्चर आयोडीनचा वास आला की माझं डोकं आजही तापतं. सत्तरच्या दशकातला मे महिना होता. बाबांच्या साहेबांनी कापलेल्या शेपटीचा कुत्रा आणला, आणि तेवढ्यावरून बाबा आमच्या चार वर्षांच्या कुत्र्याचंही शेपूट कापून आणायला जरीपटका भागातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे निघाले. आई आणि मीही सोबत गेलो. डॉक्टर म्हणाले, "हे पिल्लू नाही. हाड कापावं लागेल. शेपटीला काही झालंय का?" "झालं काही नाही, पण सायबाच्या कुत्र्यासारखा रुबाब पायजे ना," बाबा हसत म्हणाले. रागानं मी साखळी इतकी आवळली की तळहातावर वळ उठले. आई उसळली, "त्या मुक्या जीवाचं काहून कापता? सायबापुढं तुम्ही हलवता ते कापा ना आधी!" बाबांनी माझ्या हातून साखळी घेतली आणि ते घरी जायला दाराकडे वळले, तर तो मूर्ख त्यांच्याकडे बघून जोरजोरात शेपूट हलवायला लागला. आता मी निवृत्त झालोय. राग तसाच आहे, फक्त तो बाबांवरचा राहिलेला नाही. तीस वर्षं साहेबांपुढे मीही हलवलंच, आणि मला तसं सुनावणारं घरात कुणी नव्हतं.