आई, उचलू नकोस

जुन्या वायरी आणि जुने किस्से, दोन्ही फेकवत नाहीत. आमच्या दुकानातल्या खालच्या ड्रॉवरमध्ये टेलिफोनच्या वायरींचा गुंता अजून पडलेला आहे. एक ओढायला जावं तर सोबत पाच येतात. किश्श्यांचंही तसंच! चहा पिताना कुणीतरी म्हणतं, 'काय हो, ते फोन लावून इंटरनेट चालवायचे दिवस आठवतात का?' झालं, दुपार गेली.

आमचं दुकान अशोकस्तंभाजवळ, पहिल्या मजल्यावर. आता आम्ही सीसीटीव्ही बसवतो, लॅपटॉपच्या स्क्रीन बदलतो. सुरुवात मात्र डायल-अपपासून झाली. कॉम्प्युटरच्या पोटात मोडेम नावाचं कार्ड असायचं. ते घरच्या फोनवरून नंबर फिरवायचं, कुईं-खर्र-घुंई असा आवाज व्हायचा आणि नशिबात असलं तर इंटरनेट लागायचं. बहुतेक वेळा नंबर फिरवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे डायलर, मध्येच मान टाकायचं आणि लोक आमच्या नावाने शंख करायचे.

फोन मी घ्यायचे, घरी जायचा बागूल. बागूल सटाण्याचा. एरवी छान शहरी मराठी बोलतो, पण घाबरला की अहिराणीवर येतो. त्यामुळे प्रकरण किती गंभीर आहे ते मला त्याच्या भाषेवरूनच कळायचं. आमचे तेव्हाचे मालक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, त्यांचा नियम एकच होता. बिघाडाचं कारण सापडलं तर कारण सांगा. नाही सापडलं तर 'लाइन खराब आहे' सांगा.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या धंद्यात भूत म्हणजे चुकीचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर! पण 'लाइन खराब' म्हणून सोडून दिलेल्या काही गोष्टी आहेत. त्यांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

*

पंचवटीतले एक काका. पेन्शनर, घरात एकटेच. तक्रार अशी, की डायलर चालू केलं की कॉम्प्युटरमधून एक बाई बोलते आणि मग सगळं बंद पडतं.

मला हसू आलं. 'काका, ती एक्स्चेंजची रेकॉर्ड केलेली बाई. सगळ्या लाइन व्यस्त आहेत म्हणून सांगते. मोडेमला बारका स्पीकर असतो ना, त्यातून ऐकू येते.'

'ते कळतं हो मला. रोज ऐकतो मी तिला. गोड बोलते.'

'मग अडचण काय आहे?'

काकांनी आवाज खाली आणला.

'आज ती माझं नाव घेऊन बोलली.'

मी शेठकडे बघितलं. शेठ पेपरात तोंड घालून बसले.

'लाइन खराब आहे, काका,' मी म्हणाले.

*

उपनगरातल्या एका कॉलनीत आहिरे बाई राहतात. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. चौथीला मी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे माझ्यासाठी त्या कायमच्या बाई आणि त्यांच्यासाठी मी कायमची 'पोरी'. नवरा लवकर गेलेला. घरात त्या आणि त्यांचा एकुलता एक नीलेश.

नीलेश इंजिनीअरिंगला होता आणि चॅटिंगचा नाद जबरदस्त! कॉम्प्युटर आतल्या खोलीत, फोन हॉलमध्ये, लाइन एकच. याचं इंटरनेट लागलेलं असायचं आणि बाई मालेगावच्या बहिणीला फोन करायला हॉलमधला रिसीव्हर उचलायच्या. की आत डायलर कोसळलं! कधीकधी अख्खा कॉम्प्युटर गोठायचा.

'ताई, यावर काही सॉफ्टवेअर आहे का?' त्याने मला फोनवर विचारलं.

'आहे ना. आईशी बोल!'

त्यांची लाइन जुन्या पद्धतीची होती. आत मोडेमने नंबर फिरवला की हॉलमधल्या फोनची घंटा अगदी बारीक टिंग करायची. मी म्हटलं, टिंग झालं की फोन उचलायचा नाही, एवढं बाईंना सांगून ठेव.

पठ्ठ्याने आणखी एक केलं. डायलरमध्ये कनेक्शनला काहीतरी नाव द्यावं लागायचं. लोक 'इंटरनेट' असं काहीतरी द्यायचे. याने इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, 'आई उचलू नकोस'! आणि बटण दाबण्याआधी ते नाव हॉलपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचा.

बाई हॉलमधून ओरडायच्या, 'नाही उचलत रे बाबा, होऊ दे तुझं!'

आम्ही दुकानात यावर किती दिवस हसत होतो.

*

त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी. पूजेची बुकिंग ईमेलवर घ्यायची म्हणून कॉम्प्युटर घेतलेला. डायलर उघडलं की निळा पडदा, म्हणजे कॉम्प्युटर ठार बंद, रोज. गुरुजींचं निदान तयार होतं.

'यात कुणीतरी अडकलंय.'

बागूलने कॉम्प्युटरचा डबा उघडला. मोडेमच्या कार्डावर एक वाळलेली पाल चिकटलेली! बागूल खूश. 'गुरुजी, तुमचं बरोबर आहे. हे बघा कोण अडकलंय!'

पाल काढली, कार्ड पुसलं, डबा बंद केला. डायलर उघडलं. निळा पडदा.

मग बागूलने स्लॉट बदलला, कार्ड बदललं, सगळं सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. निळा पडदा काही हटेना. गुरुजी दोनदा चहा देऊन गेले. शेवटी वैतागून बागूलने जुनंच कार्ड लावलं आणि मनात काय आलं देव जाणे, खिडकीत ठेवलेली ती पाल उचलून होती तिथे ठेवली.

पहिल्या झटक्यात इंटरनेट लागलं!

'म्हटलं होतं ना मी,' गुरुजी म्हणाले. 'फक्त काढायचं नव्हतं त्याला.'

*

लासलगावचा एक कांद्याचा व्यापारी. त्याचंही डायलर मध्येच बंद पडायचं. 'उद्या या, उद्या मी मोकळा हाय,' असं म्हणाला, म्हणून बागूल दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेला.

कुठे अडतंय ते ऐकावं म्हणून त्याने मोडेमच्या स्पीकरचा आवाज वाढवला. नंबर फिरला आणि इंटरनेटच्या खरखरीऐवजी माणसांचा गलका ऐकू यायला लागला. कुणीतरी खणखणीत आवाजात कांद्याची बोली पुकारत होतं. मागे बैल हंबरत होते.

बागूलचा जीव भांड्यात पडला. हे ओळखीचं दुखणं. 'दादा, क्रॉस कनेक्शन आहे! मार्केटातल्या कुणाच्या तरी फोनला तुमची लाइन चिकटलीय. लिलाव ऐकू येतोय.'

व्यापारी ओट्यावरून आत आला.

'कुठला लिलाव?'

'तुमच्याच मार्केटचा की!'

'आज अमावस्या हाय,' व्यापारी म्हणाला. 'अमावस्येला मार्केट बंद राहतं. कुत्रं बी नसतं तिथं.'

दोघं ऐकत उभे राहिले. व्यापारी हळूच खुर्ची ओढून बसला, कान स्पीकरला लावला.

'आन् भाव बी आजचे नाय. लय जुने हायेत. असला भाव आमच्या आजोबानं ऐकला आसंल.'

तेवढ्यात डायलर बंद पडलं. बागूल पुन्हा चालू करायला लागला तर व्यापाऱ्याने त्याचा हात धरला आणि म्हणाला, राहू द्या, नीट नका करू.

बागूलने एसटी स्टँडवरून मला फोन केला. 'ताई, माले काही समजनं नही,' एवढंच म्हणाला. अहिराणी ऐकल्यावर मीही पुढे काही विचारलं नाही.

*

नीलेश गेला. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. विल्होळीजवळ मोटरसायकल घसरली. हे वाक्य मला आजही सरळ बोलता येत नाही.

काही महिन्यांनी बाईंचा दुकानात फोन आला. 'पोरी, ते डायलर बंद पडतंय. माणूस पाठव.'

'बाई, तुम्ही इंटरनेट वापरता?'

'नाही. मी नुसतं बटण दाबते. मग हॉलमध्ये टिंग होतं.'

बाईंना वाटलं मला काहीतरी वेगळं वाटतंय.

'मी भूत मानत नाही हं. आमच्या घरात तसलं काही चालत नाही, तुला माहितीय. पण घरात आवाज असावा माणसाला.'

बागूल गेला. तेव्हा आमच्या धंद्यात सगळ्या रोगांवर एकच औषध होतं, फॉरमॅट मारा! सगळं पुसायचं आणि कोरं करकरीत पुन्हा टाकायचं. बागूलने सवयीने सीडी काढली, ड्राइव्ह उघडला. बाईंनी त्या उघड्या ट्रेवर हात ठेवला.

'पुसायचं नाही.'

'बाई, काळजी करू नका. नवीन टाकतो आणि नाव पण तेच देतो. आई उचलू नकोस.'

'ते तू टाकलेलं असेल,' बाई म्हणाल्या. 'हे त्याने टाकलंय.'

स्क्रीनवर नाव होतं आणि त्याखाली पासवर्डच्या जागी ताऱ्यांची ओळ. तो पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. नीलेशने शेवटचं जे काही टाइप केलं होतं ते त्या ताऱ्यांमागे होतं, आणि एकदा पुसलं की गेलं.

बागूलने सीडी पिशवीत टाकली. एकेक फाइल तपासत, जपून काम करत त्याने ते डायलर उभं केलं. बटण दाबलं, हॉलमध्ये टिंग झालं, बाई डोळे मिटून बसल्या. त्या संध्याकाळी दुकानात येऊन बागूल मराठीतही बोलला नाही आणि अहिराणीतही नाही.

*

मग सगळंच बदललं. डायल-अपचे नंबर बंद झाले. बाईंच्या कॉलनीतला रस्ता खोदताना फोनची केबल तुटली, ती कुणी जोडलीच नाही. फोन मात्र हॉलमध्ये स्टुलावर तसाच आहे, क्रोशाच्या रुमालाखाली. बाई अधूनमधून कॉम्प्युटर चालू करायच्या, नाव बघायच्या, बटण दाबायच्या. 'डायल टोन नाही' असं आलं की बंद करायच्या.

मागच्या महिन्यात त्या रिक्षा करून दुकानात आल्या. सोबत चादरीत बांधलेला कॉम्प्युटर. हार्ड डिस्क करकर वाजत होती, म्हणजे तिचे दिवस भरले होते.

'टिंग वगैरे नको मला आता,' बाई म्हणाल्या. 'पण ते नाव आणि तारे राहायला हवेत. हे गेलं तर मग त्याच्या हातचं काही राहत नाही, पोरी.'

मी म्हटलं, डिस्कची जशीच्या तशी नक्कल करते, नवीन डिस्कवर. पुसायचं काही नाही. बाईंनी माझ्याकडे चौथीतल्यासारखं बघितलं आणि घरी गेल्या.

काही बिघडलं तर त्यांना तोंड कसं दाखवायचं याच भीतीत मी ती नक्कल करायला घेतली. जुनी डिस्क मध्येमध्ये थांबायची, पुन्हा चालू व्हायची. नक्कल पुरी झाली आणि जुनी डिस्क कायमची गप्प झाली. आता जे काय होतं ते नवीन डिस्कवर.

भर दुपार होती. खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते. मी कॉम्प्युटर चालू केला, डायलर उघडलं. कोसळलं. पुन्हा उघडलं. पुन्हा कोसळलं.

'फॉरमॅट...' बागूलच्या तोंडून सवयीने निघालं आणि त्याने जीभ चावली.

तिसऱ्यांदा उघडलं. नाव आलं. 'आई उचलू नकोस.' खाली तारे. मला रडूच फुटलं. बागूल म्हणाला, 'एकदा बटण दाबून बघा ताई. डायल टोन नाही असं आलं म्हणजे सगळं नीट.'

मी बटण दाबलं.

टक-टक-टक-टक. मोडेम नंबर फिरवत होतं. नंबर पुरा झाला. पलीकडे रिंग वाजली. आणि मग तो आवाज, कुईं-खर्र-घुंई, जो मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात दोन छोट्या स्क्रीनचं चित्र आलं आणि लुकलुकायला लागलं. कनेक्शन लागलं होतं.

आमच्या दुकानात टेलिफोनची लाइन नाही. कधीच काढून टाकली. मी बागूलकडे बघितलं. तो ड्रॉवरपाशी उभा होता, मोडेमला लावायची म्हणून गुंत्यातून मोकळी केलेली वायर हातात धरून.

'ताई,' तो म्हणाला, 'वायर ते मन्हा हातमा शे.'

माझा मोबाइल वाजला. बाई.

'पोरी, कॉम्प्युटर तुझ्याकडेच आहे ना?'

'हो बाई.'

'आत्ता हॉलमधला फोन टिंग झाला.'

बागूलचा हात मेन स्विचकडे गेला होता. मी तो धरला.

'मी उचलला नाही हं,' बाई म्हणाल्या. 'होऊ दे त्याचं.'