डाव्या चाकातलं तेल

जयवंत तेंडोलकरला मी चारचौघांत नको नको ते बोलले आणि त्यातला एक शब्दही खरा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझी बाजू घ्यायची कुणी घाई करणार नाही.

चिंचपोकळीला त्याचं गॅरेज आहे. गॅरेज कसलं, एक गाळा आणि त्यापुढचा फुटपाथ. वय बासष्ट, बोलणं मोजकं आणि मालवणी, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्याचे वडील आणि माझे सासरे एकाच गिरणीत, एकाच खात्यात होते. इंजिन कुणाकडेही न्या, पण ब्रेक जयवंताकडेच, असं लालबागपासून परळपर्यंतचे गाडीवाले सांगायचे. काम झालं की तो चपला काढून गाडीत बसायचा आणि अनवाणी पायाने पेडल दाबत एक चक्कर मारून यायचा. तळव्याला जे कळतं ते चपलेला कळत नाही, म्हणायचा. त्याशिवाय किल्ली परत द्यायचा नाही.

आमची व्हॅन अठरा वर्षांची. काळाचौकीच्या घरी मी जेवण बनवते आणि शिवाजी पार्कच्या पन्नासेक घरांत दुपारचे डबे पोचवते. गाडी मीच चालवते. दसऱ्याच्या आधी जयवंताने मागचे ब्रेक शू, म्हणजे चाकाला आतून घासणाऱ्या पट्ट्या, बदलले, तेव्हापासून डावं चाक कुरकुरायला लागलं. त्याने आधीच बजावलं होतं की नवे शू आहेत, चार दिवस आवाज येईल, मग आपोआप जाईल, तुम्ही काही करू नका.

आता मला कुणी काही करू नका म्हटलं की माझे हात शिवशिवतात. त्यात आमच्या घरची पद्धत अशी की दसऱ्याला आधी प्रत्येक यंत्राला तेल द्यायचं, मग हळदकुंकू. सासरे गिरणीत आपल्या मागाला द्यायचे. गिरणी बंद पडली, पण त्यांचं तेल देणं काही थांबलं नाही. शिलाई मशीन, टेबलफॅन, दाराच्या बिजागऱ्या, एकही सुटायचं नाही. ते यंदा मार्चमध्ये गेले. त्यांची लांब नळीची तेलाची कुपी घेऊन मी व्हॅनपाशी गेले तेव्हा मला भरून आलं होतं. कुरकुरणाऱ्या चाकात एक भोक दिसलं. त्यात नळी खुपसली आणि चांगलं चार-पाच वेळा तेल सोडलं, वर झेंडूचं फूल वाहिलं. ब्रेक घासूनच गाडी थांबते, तिथे तेल घालायचं नसतं, एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

आवाज गेला. मी स्वतःवरच खूश झाले. तिसऱ्या दिवशी डबे पोचवून परत येताना दादरच्या सिग्नलला ब्रेक दाबला, तर गाडी उजवीकडे ओढली गेली आणि दुभाजकाला घासत कशीबशी थांबली. रस्ता ओलांडणारी एक म्हातारी बाई गाडीपासून हातभर लांब होती. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मी घाबरले की मला राग येतो. पहिल्या गिअरमध्ये गाडी रेटत चिंचपोकळीला आणली आणि गाळ्यासमोर उभी राहून तोंड सोडलं. शाळेच्या दोन व्हॅन चालवणारा हितेंद्र आणि आणखी दोघं-तिघं गिऱ्हाईकं तिथे होती. "डोळे गेले असतील तर गाळा बंद करा, जयवंतभाऊ. लोकांच्या जिवाशी खेळू नका." एवढ्यावर न थांबता, तिथेच उभ्या उभ्या आमच्या चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तसा मेसेजही टाकला.

जयवंताने चपला काढल्या, गाडी हळूहळू फिरवून आणली आणि मागच्या दोन्ही चाकांना हाताची पालथी बाजू लावून पाहिली. उजवं तापलं होतं, डावं गार. डावं खोललं तर आत सगळं तेलाने चकचकत होतं. आधी त्याने ब्रेक ऑइल कुठून गळतंय का पाहिलं. सगळं कोरडं होतं. मग बोटाला लागलेलं तेल नाकाशी नेलं. शिलाई मशीनच्या तेलाचा वास मलाही आला. गिरणीवाल्याचाच मुलगा तो, आमची पद्धत त्याला ठाऊक होती.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "दसऱ्याक चाकात तेल घातलात काय?"

हितेंद्र माझ्याकडे बघत होता. आत्ताच एवढा तमाशा केला होता. माझी जीभ वळेना, आणि वळली ती भलतीकडेच.

"नाही."

"मगे माजाच कायतरी चुकला असतला," तो म्हणाला आणि त्याने पुन्हा नवे शू बसवून दिले.

हितेंद्रने त्याच आठवड्यात दोन्ही व्हॅन दुसरीकडे नेल्या. नुसती गिऱ्हाईकं तुटली असती तर मी मनाला काहीतरी समजावलं असतं. पण पुढे कळलं, जयवंताने ब्रेकचं कामच घेणं सोडलं. आता पंक्चर काढतो आणि हवा भरतो. एकदा मी पलीकडच्या फुटपाथवरून पाहिलं, ब्रेक दाखवायला आलेल्या स्कूटरवाल्याला तो हात जोडून परत पाठवत होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दोन महिन्यांनी, एका रविवारी मी गेले आणि सगळं सांगितलं. कुपीचं, भोकाचं, नाही म्हटल्याचं. त्याच्यासमोरच ग्रुपवर खरं काय ते लिहिलं आणि त्याला वाचायला दिलं. त्याने फोन डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचलं. मी विचारलं, तुम्हाला तर वासावरून तेव्हाच कळलं असेल ना?

"कळला हुता. पण तुमी नाय म्हणालात. वैनी कित्याक खोटा बोलतली, असा वाटला माका. मगे माज्याच हातात खोट."

मी म्हटलं, आता तर सगळ्यांना कळेल, उद्यापासून पुन्हा ब्रेकची कामं घ्या. पहिली गाडी माझीच आणते.

त्याने फोन माझ्या हातात परत दिला. "लिवलात ता बरा केलात. पण ब्रेकची गाडी इली की आता माजो माज्याच तळव्यार इश्वास बसना नाय, वैनी."

तो बाहेर उभ्या असलेल्या सायकलच्या चाकात हवा भरायला उठला.