अठ्ठावीस अंश

प्रयोगशाळेतल्या मामांचं रजिस्टर कधी कोरं राहिलं नाही, आणि खोट नेमकी तिथंच होती. बुरशी वाढवायच्या कपाटाचं तापमान सकाळ-संध्याकाळ पाहून लिहायचं, हे त्यांचं काम. एकदा बहिणीकडे दोन दिवस जायचं होतं, तर त्यांनी पुढचे चारही रकाने निघण्याआधीच भरून टाकले. चारही ठिकाणी अठ्ठावीस.

परत येऊन पाहतात तर फ्यूज उडालेला, कपाट गार, काटा विसावर. मामांनी गुपचूप फ्यूज बसवला आणि तोंडाला कुलूप लावलं.

त्याच आठवड्यात संशोधन करणाऱ्या ताईंनी कपाटातल्या चंबूंमधला अर्क तपासला. झाडाच्या पानात राहणारी बुरशी अँटिऑक्सिडंट किती तयार करते, हा त्यांचा विषय. जांभळ्या द्रावणात थेंब पडले आणि बघता बघता ते पिवळं झालं. जांभळा रंग जितका उडेल, तितकं अँटिऑक्सिडंट जास्त. हे नेहमीच्या तिप्पट!

"मामा, तुमच्या हाताला यश आहे हो!"

मामांनी कसंबसं हसून रजिस्टर मिटून ठेवलं.

पुढे आठ महिने ताईंनी रजिस्टर समोर ठेवून तोच प्रयोग अठ्ठावीस अंशांवर केला. साखर बदलली, मीठ बदललं. जांभळा रंग काही हटेना.

"तिप्पट?" ताईंचे मार्गदर्शक सर म्हणाले. "त्या दिवशी चष्मा घातला होतास ना?"

मामा तिथंच चंबू विसळत होते. शब्द ओठांवर आले होते. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत एक ठपका नव्हता. उद्या सांगू, असं म्हणता म्हणता दिवस गेले आणि सरांनी ताईंना वहीतलं ते तिप्पटचं पान रद्द करायला लावलं. ताईंनी संशोधन सोडलं आणि शाळेत नोकरी धरली.

निवृत्तीला महिना उरला तेव्हा मामा त्या शाळेत गेले. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"वीस अंश?" ताई खुर्चीत टेकल्या. "गारव्यानं केलं म्हणजे! आणि मी मिठाच्या मागे लागले होते. तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

"रागावलेच असते. चांगली आठवडाभर बोलले नसते तुमच्याशी. मग वीसवर लावून बघितलं असतं."

"आता बघता येईल की," मामा चाचरत म्हणाले.

"ती बुरशी आहे कुठे?"

मामांनी मान खाली घातली. "तुम्ही गेल्यावर टेबल रिकामं करायला सांगितलं होतं. मीच उकळून टाकली."