भगत सरांच्या बाटलीतला माझा स्क्रू

डॉ. भगत सरांना मी पहिल्यांदा भेटले ती तोंडावर ओढणी धरूनच. कापसाची ती वाईट वर्षं. बाभुळगावात अब्बांच्या गॅरेजात ट्रॅक्टर दुरुस्तीला येईनासे झाले होते. तरी अब्बांनी मला यवतमाळला सरांच्या दवाखान्यात नेलं. माझे पुढचे दात इतके बाहेर, की उत्तर येत असूनही वर्गात मी हात वर करत नसे. दहावीनंतर शाळाच नको, असं मी घरी सांगून टाकलं होतं.

सरांनी हाडात बसवायचा एक बारीक स्क्रू दाखवला. पुढचे दात मागे ओढताना दाढा पुढे सरकू नयेत, म्हणून सगळी ओढ या स्क्रूवर घ्यायची. आमच्याकडे तेव्हा हे नवीनच होतं. मग त्यांनी टेबलावरची काचेची बाटली पुढे केली. तिच्यात सुटून आलेले स्क्रू होते, एकेका पुडीत, वर कारण लिहिलेलं. "बहुतेक टिकतात, बेटा. सगळे नाही." मग अब्बांकडे वळून, "रहीमभाई, लक्ष ठेवा." आपलं अपयश असं टेबलावर मांडून कोणता डॉक्टर बसतो हो!

महिन्याभरात माझा स्क्रू सुटला. मी रडून दवाखाना डोक्यावर घेतला. काळजी घेतली होती का, असं सरांनी विचारताच अब्बा छाती काढून म्हणाले, "घेतली ना, डॉक्टरसाहेब! रोज सकाळी बोटानं हलवून पाहो, ढिला तं नाई झाला म्हून!" जन्मभर नटबोल्ट तपासलेला माणूस, दुसरं काय करणार?

नर्सबाई फिसकन हसल्या. अब्बांचा चेहरा पडला. सर मात्र गंभीरपणे म्हणाले, "चूक माही हाय, रहीमभाई. लक्ष ठेवा म्हटलं, हात लावू नका हे सांगाचंच राहिलं." आणि पुडीवर त्यांनी लिहिलं, 'कारण: माझी सूचना अर्धवट.' जखम भरल्यावर दुसरा स्क्रू शेजारच्या जागी बसवला. तो शेवटपर्यंत हलला नाही.

दात आत आले. मी शाळा सोडली नाही. बारावीच्या गॅदरिंगमध्ये तोंडावर ओढणी न धरता सूत्रसंचालन केलं, तेव्हा पहिल्या रांगेत अब्बांच्या शेजारी सर बसले होते. पुढे दातांची डॉक्टर होऊन मी सरांच्याच हाताखाली आले. मी बसवलेला स्क्रू पहिल्यांदा सुटला, तेव्हा ते रागावले नाहीत. बाटली सरकवून एवढंच म्हणाले, "लिहा. खरं कारण लिहा." मी लिहिलं आणि पुडी बाटलीत टाकली.

पंचाहत्तरीनिमित्त सरांनी आता दवाखाना माझ्यावर सोपवला आहे. सोपवला म्हणे! रोज सकाळी नऊला फोन असतोच, "सगळं बरोबर चालून राह्यलं ना?"

सर, आपल्याला उदंड आयुष्य लाभो, तब्येत ठणठणीत राहो, आणि आपली ती बाटली कधी न भरो. एकच विनंती आहे. रोज हलवून पाहू नका. तुम्ही बसवलंय ते पक्कं बसलंय. फोन मात्र रोज येऊ द्या.