आधी माणसाकडे बघणारं पिल्लू

ही गोष्ट सांगायची मी पुष्कळ वर्षं टाळली. अल ऐनच्या दिवसांबद्दल कुणी विचारलं की खजूर, उन्हाळा, उंट असं सगळं रंगवून सांगायचो आणि कुत्र्यांपाशी आलो की विषय बदलायचो. पाच आठवड्यांपूर्वी पुण्यात घरच्या फोनवर एका बाईंचा आवाज आला. "डॉक्टरकाका का? मी महादूची, महादेवरावांची मुलगी, सुनंदा. आबा परवा गेले. तुमचा नंबर त्यांच्या जुन्या पासपोर्टात लिहिलेला होता." मी आजार विचारला, वय विचारलं, "फार वाईट झालं" म्हणालो... आणि फोन ठेवला. बायको दारात उभी होती. तिला सगळं माहीत होतं. "आता तरी लिहा," एवढंच म्हणाली.

नव्वदच्या दशकात मी अल ऐनजवळ एका अरबाबांच्या, म्हणजे मालकांच्या, फार्मवर जनावरांचा डॉक्टर होतो. घोडे, उंट, ससाणे आणि सलुकी, म्हणजे सडपातळ, लांब पायांचे अरबी शिकारी कुत्रे. उघड्या वाळवंटात शिकारीला बंदी होती, म्हणून अरबाब आपल्याच कुंपणातल्या मैलभर जमिनीत ससे सोडून ससाणा आणि कुत्रा यांची जोडी खेळवत. कुत्र्यांसाठी चांगला माणूस हवा होता. मला जत तालुक्यातला महादू आठवला. त्याच्या घरी तीन पिढ्या कारवानी, तशाच सडपातळ जातीची शिकारी कुत्री होती. मीच त्याला पत्र पाठवलं, व्हिसा काढून दिला. पहिला सलुकी बघताच तो खाली बसून त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवत म्हणाला, "डॉक्टर, ह्यो तर आमच्याकडचाच की!" ससाणे सांभाळणारा म्हातारा सालेम हसला आणि मला अरबीत म्हणाला, याला सांग, तुमची कुत्री आमच्याकडून पळून गेलेली आहेत. मी सांगितलं. महादू म्हणाला, "मग न्यायला यायचं की, पाव्हणं! इतकी वर्सं काय करत हुता?"

पिल्लू निवडायची त्याची एकच रीत होती. पिल्लासमोर मांसाचा तुकडा ठेवायचा, शेजारी स्वतः उकिडवं बसायचं आणि गप्प राहायचं. जे पिल्लू मांसावर झडप घालायच्या आधी एकदा माणसाच्या तोंडाकडे बघतं, ते घ्यायचं. बाकीची कितीही लांब पायांची असोत, नको. मग त्या कुत्र्याला ज्या ससाण्याबरोबर पळायचं, त्याच्या बसायच्या दांडीखाली चाळीस दिवस जेवण. वर डोळ्यांवर टोपी घातलेला पक्षी, खाली कुत्रा, मध्ये महादू. शिकारीत ससाणा वरून झडप घालून सशाला अडवतो, कुत्रा मागून येऊन धरतो. त्या घटकेला पक्ष्याचे पंख आणि सशाचे केस एका जागी असतात, आणि पंखाला दात लावायचा नाही हे कुत्र्याला कळावं लागतं. "थांब", "घे", "सोड" हे सगळं मराठीत. सालेमसुद्धा कुत्र्यांना "सोद, सोद" म्हणायला लागला होता.

मला मात्र मोजमापाचा नाद होता. परदेशातून एक ग्रेहाउंड मागवावा असं मीच अरबाबांना सुचवलं. छाती, पाय, शेजारी जीप चालवून तिच्या काट्यावर मोजलेला वेग, सगळं मी तपासलं. अरबाब खूश झाले. महादूने त्याच्यापुढे तुकडा ठेवला. कुत्र्याने तो गिळला, मग इकडेतिकडे पाहिलं. "पळतंय झ्याक," महादू म्हणाला, "पर अजून न्हाई, डॉक्टर. मला चाळीस दिवस द्या." अकराव्या दिवशी अरबाबांकडे पाहुणे आले. नवा कुत्रा तयार आहे का, असं त्यांनी मला फोनवर विचारलं. मी "हो" म्हणालो.

सकाळ होती, हवेत गारवा होता. शम्सा नावाची ससाण्याची मादी वरून आली, सशाला घेऊन वाळूत बसली. ग्रेहाउंड सलुकींच्या कितीतरी आधी तिथे पोहोचला. महादू "सोड! सोड!" ओरडत धावत होता... आम्ही पोहोचलो तेव्हा सालेमने शम्साला हातात उचलून घेतलं होतं आणि तिची मान लोंबत होती. तो रडत होता. अरबाबांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "कुत्रा तयार आहे असं कोण म्हणालं?" फोनवर "हो" मीच म्हणालो होतो, हे त्यांना आठवत नसेल असं नाही, कदाचित मीच ते बोलावं अशी त्यांची अपेक्षा असेल. माझी मुलगी बारावीला, घर त्यांनीच दिलेलं, व्हिसा त्यांच्या हातात. मी म्हणालो, "हा म्हणाला होता मला." महादूला सूर कळला. तो मला म्हणाला, "डॉक्टर, सांगा त्यांना. मी अजून न्हाई म्हटलं हुतं. चाळीस दिवस मागितलं हुतं." तिथे मराठी कळणारा मी एकटा. सगळे माझ्याकडे बघत होते. मी अरबीत म्हणालो, "तो म्हणतो, चूक झाली. आसिफ. माफ करा."

"खलास," अरबाब म्हणाले आणि गाडीत बसले.

तिसऱ्या दिवशी मीच महादूला विमानतळावर सोडलं. वाटेत मी हिशोबाचं, सामानाचं, हवेचं बोलत राहिलो. उतरताना तो म्हणाला, "चार वर्सं सालेमच्या शेजारी जेवलो, डॉक्टर. आसिफ म्हंजे काय ते मला ठाऊक हाय." आवाजात राग नव्हता. पिशवी खांद्याला लावून तो आत गेला. घरी मुलीने विचारलं, "बाबा, व्हाय डिड महादूकाका लीव्ह?" मी म्हणालो, त्याला गावाची आठवण येत होती.

माफी मागितली ती मी, पण त्याच्या नावाने. माझ्या नावाने मागायची राहून गेली. निवृत्त होऊन परतल्यावर एकदा जतच्या स्टँडपर्यंत गेलो होतो. पेढ्यांचा पुडा होता. चहा घेतला, आणखी एक घेतला आणि परतीच्या गाडीत बसलो. पेढे शेजारच्या बाईंच्या नातवंडांना दिले.

गेल्या आठवड्यात मात्र त्याच्या घरी गेलो. सुनंदाने ओसरीवर घोंगडं टाकलं. आबा तिकडचं कधीच काही बोलत नसत, म्हणाली. तुमचं नाव निघालं तर "डॉक्टर हुशार माणूस" एवढंच. अंगणात एक कारवानी कुत्री होती, पिवळसर, पोट आत गेलेली. "आबा गेल्यापासून धड खात नाही," सुनंदा म्हणाली. नाव विचारलं. "शम्सा. आबांनीच ठेवलेलं. कसलं नाव आहे कुणास ठाऊक." तिने दूधभाकरीची वाटी आणून ठेवली. कुत्री वाटीपाशी आली, थांबली आणि तोंड वर करून माझ्याकडे बघत राहिली. "आबा समोर बसून 'घे' म्हणायचे तेव्हा खायची. तुम्ही म्हणून बघा, काका. पुरुषमाणसाचा आवाज लागतो तिला."

मी तिच्यासमोर बसलो. येताना गाडीभर एक वाक्य घोकलं होतं... महादू, त्या दिवशी खोटं मी बोललो, तुझं काही चुकलं नव्हतं. इथे या अंगणात, निदान त्याच्या मुलीसमोर, ते म्हणायचं ठरवून आलो होतो. सुनंदा वाट बघत उभी होती. कुत्रीही माझ्या तोंडाकडे बघत होती, महादूने शिकवलं होतं तशी. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "घे."

तिने मान खाली घातली आणि खायला लागली. सुनंदाने डोळ्यांना पदर लावला आणि मला म्हणाली, "लई उपकार झाले, काका."